पुरंदरचं विमानतळ : नकाशावरची रेघ नेमकी कुणाच्या बांधावरून जाते?

पुरंदर तालुक्यात विमानतळ हा शब्द २०१६ पासून रोज कानावर पडतो. सरकारं बदलली, जागा बदलल्याच्या घोषणा झाल्या, परत मूळ जागेवर शिक्कामोर्तब झालं. मे २०२५ च्या सुरुवातीला ड्रोन सर्वेक्षणाला विरोध करणारे ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले. लाठीमार झाला, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. त्यानंतर काही महिन्यांनी प्रकल्पाचं क्षेत्र कमी केल्याचं जाहीर झालं. सुरुवातीला जे सुमारे २,८३० हेक्टर होतं, ते सुमारे १,२८५ हेक्टरवर आलं. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आता या आकड्यांकडे जरा शांतपणे बघू. विमानतळाला खरोखर २,८३० हेक्टर लागत होते, तर ते १,२८५ मध्ये कसं बसलं? आणि १,२८५ पुरत असतील, तर आधीची रेघ कुणी, कशाच्या आधारावर मारली होती? एका रेघेच्या आत वर्षानुवर्षं अडकलेली शेकडो हेक्टर जमीन एका निर्णयानं रेघेबाहेर गेली. मधल्या काळात त्या जमिनीवर कुणी विहीर खोदायचं टाळलं, कुणी नवी बाग लावली नाही, कुणाचं लग्न जमताना ‘जमीन राहणार का जाणार’ हा प्रश्न निघाला. नकाशावरची रेघ कागदावर पुसता येते, गेलेली वर्षं पुसता येत नाहीत.

म्हणून आज भाव किती मिळणार या नेहमीच्या चर्चेपेक्षा थोडं वेगळं बोलायचं आहे. ही रेघ तयार कशी होते, ती कोणत्या यंत्रणेतून निघते आणि ती तपासायचा हक्क आपण कसा वापरायचा, यावर.

जीआयएस म्हणजे नेमकं काय?

अधिकाऱ्यांच्या सादरीकरणात हा शब्द हमखास येतो. जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. सोपं करून सांगायचं तर एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. पहिल्या कागदावर गावाचा गट नकाशा. दुसऱ्यावर डोंगर, उतार, ओढे. तिसऱ्यावर विहिरी, बोअर, पाइपलाइन. चौथ्यावर घरं, शाळा, मंदिरं, स्मशानभूमी. पाचव्यावर विजेच्या उच्चदाब तारा आणि मनोरे. सहाव्यावर विमानांचे हवेतले मार्ग. हे सगळे कागद एकाच मापात, एकाच अक्षांश-रेखांशात बसवले की संगणकाला प्रश्न विचारता येतो : अमुक लांबीची धावपट्टी कुठे बसेल, जिथे डोंगर आडवा येणार नाही, घरं कमीत कमी जातील आणि रस्ताही जवळ असेल?

संगणक उत्तर देतो, पण त्यात मेख आहे. कोणता कागद ठेवायचा आणि कोणता नाही, कुठल्या कागदाला किती महत्त्व द्यायचं, हे संगणक ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. बागायत जमिनीचा थर घातलाच नाही, तर संगणकाच्या लेखी अंजिराची बाग आणि मोकळं माळरान एकच. चूक यंत्राची नसते, पण ‘संगणकानं दाखवलं’ म्हणून जबाबदारीही कुणाची राहत नाही. शेतकऱ्याला नडतं ते इथंच.

जागा का फिरत राहिली?

पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचं ठाणं आहे. नागरी विमानं तिथं हवाई दलाच्या वेळा आणि गरजा सांभाळून चालतात. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची. लांब पल्ल्याची मोठी विमानं पूर्ण भारानं उडवायला ती अपुरी पडते. नवी टर्मिनल इमारत २०२४ मध्ये सुरू झाली, गर्दी थोडी सुसह्य झाली, पण धावपट्टीचा प्रश्न तिथंच राहिला. त्यामुळे पुण्याला दुसरा विमानतळ हवा, ही मागणी खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवं.

आधी खेड-चाकण भागाचा विचार झाला. तिथं शेतकऱ्यांनी विरोध केला, तांत्रिक अडचणीही निघाल्या. मग २०१६ मध्ये पुरंदर आलं : वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही सात गावं. विरोध वाढल्यावर रिसे-पिसे, पांडेश्वर, राजुरी परिसराचा पर्याय पुढे आला. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं त्याला परवानगी नाकारली आणि गाडी परत सात गावांवर आली.

चार-दोन किलोमीटरनं जागा सरकली तर काय एवढा फरक पडतो, असं पारावर बसून वाटतं. पण विमानतळाची जागा जमिनीवर जेवढी असते, तेवढीच किंबहुना त्याहून जास्त ती हवेत असते. लोहगावहून लढाऊ विमानं उडतात, त्यांचं स्वतःचं हवाई क्षेत्र आहे. दोन विमानतळांचे उतरण्याचे मार्ग एकमेकांना छेदून चालत नाहीत. पुरंदर, वज्रगड आणि आजूबाजूच्या डोंगररांगा आडव्या येतात. वाऱ्याचाही हिशोब असतो. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की धावपट्टीची दिशा अशी हवी, की वर्षातल्या किमान ९५ टक्के वेळी आडवा वारा ठरलेल्या मर्यादेत राहील. मोठ्या धावपट्टीसाठी ही मर्यादा ताशी ३७ किलोमीटरची. म्हणजे धावपट्टी कुणाच्या मर्जीनं पूर्व-पश्चिम किंवा दक्षिणोत्तर फिरवता येत नाही.

हे सगळे थर जीआयएसमध्ये एकत्र बघितल्याशिवाय जागा ठरत नाही, हे खरंच. प्रश्न एवढाच की एका जागेचे थर दुसऱ्या जागेशी ताडून बघितले, तर ती तुलना गावकऱ्यांपुढे सोप्या मराठीत का ठेवली गेली नाही? ‘तांत्रिकदृष्ट्या योग्य’ या दोन शब्दांवर सात गावांनी समाधान मानायचं, ही अपेक्षाच चुकीची होती. संरक्षणाच्या दृष्टीनं गोपनीय ते गोपनीय ठेवा. पण वारा, उतार, घरांची संख्या, बागायत क्षेत्र यात गोपनीय काय आहे?

ड्रोनला काय दिसतं, काय दिसत नाही

ड्रोनवरचा राग अनेकांना समजला नाही. ‘फोटोच काढतायत ना, जमीन थोडीच उचलून नेतायत,’ असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. गावात मात्र लोकांना पक्कं ठाऊक होतं की एकदा मोजणी झाली, की पुढचा कागद नोटिशीचाच येतो.

गंमत म्हणजे ड्रोनशी याच तालुक्याचं जुनं आणि चांगलं नातं आहे. गावठाणांची ड्रोननं मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका द्यायचा राज्यातला पथदर्शी प्रयोग पुरंदर तालुक्यातल्याच सोनोरी गावात झाला. पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली आणि गावोगावी तसे ड्रोन फिरले. तिथं कुणी दगड उचलला नाही. कारण तिथं ड्रोन घराची मालकी लिहून द्यायला आला होता. यंत्र तेच, उडवणारे साधारण तसेच, फरक फक्त हेतूचा. लोक तंत्रज्ञानाला विरोध करत नाहीत, त्यातून काय निघणार याचा अंदाज घेऊन वागतात. हा धडा प्रशासनानं लिहून ठेवावा असा आहे.

आता तांत्रिक भाग. ड्रोनचा फोटो इतका बारीक असतो की शेताच्या बांधावरचा दगड ओळखू येतो. पण सातबाऱ्याशी जोडलेला गट नकाशा जुना. साखळीनं मोजून कागदावर हातानं काढलेला, पुढे स्कॅन करून संगणकात घेतलेला. हे दोन एकमेकांवर बसवायचे म्हणजे नव्या करकरीत शर्टाला जुन्या मापाचा कॉलर शिवण्यासारखं. ओळखीच्या खुणा, म्हणजे गावाच्या शिवेचे दगड, तिठे, जुन्या विहिरी धरून नकाशा ओढूनताणून बसवावा लागतो. कुठंतरी दोन-चार मीटर इकडं-तिकडं होतंच.

दोन-चार मीटर म्हणजे किती? समजा नकाशा १ : ५,००० या मापाचा आहे. कागदावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. बांध शंभर मीटर लांब असेल, तर नुसत्या रेघेच्या जाडीत अडीचशे चौरस मीटर, म्हणजे जवळपास अडीच गुंठे जमीन दडलेली असते. पुण्याच्या जवळच्या तालुक्यात अडीच गुंठ्यांचा भाव काय आहे, हे वाचकांना सांगायला नको.

त्यातही ड्रोनला काही गोष्टी दिसतच नाहीत. जमिनीखालून गेलेली पाइपलाइन दिसत नाही. झाडाखालचं बोअर दिसत नाही. तीन भावांनी तोंडी वाटून घेतलेले आणि वीस वर्षं वेगवेगळे कसलेले पोटहिस्से दिसत नाहीत. बहिणीचा हक्क दिसत नाही. अंजिराचं झाड वरून दिसतं, पण ते ऐन उत्पन्नात आहे की थकलेलं, ते कळत नाही. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, इथलं सीताफळ मुंबईच्या बाजारात नावानं विकलं जातं. उन्हाळ्यात पानगळ झालेली बाग ड्रोनच्या फोटोत खराट्यासारखी दिसते. फोटो कोणत्या महिन्यात काढला यावर बागेचं मोल ठरणार असेल, तर ते न्यायाचं नाही.

म्हणूनच कायद्यात संयुक्त मोजणीला महत्त्व आहे. भूमी अभिलेखचा भूकरमापक, संपादन करणारी संस्था, कृषी आणि इतर खात्यांची माणसं आणि स्वतः खातेदार, सगळ्यांनी शेतात उभं राहून करायची ती मोजणी. ड्रोन तिची तयारी करू शकतो, तिची जागा घेऊ शकत नाही. विरोध म्हणून मोजणीला हजरच राहायचं नाही, हा मार्ग भावनेच्या दृष्टीनं समजण्यासारखा आहे, पण त्यात एक धोका आहे. गैरहजर माणसाची विहीर पंचनाम्यात येत नाही. हजर राहून ‘संपादनाला माझी हरकत आहे, पण नोंद अचूक करा’ असं लेखी देता येतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

जमीन जाणार नाही, त्यांनाही हा नकाशा लागू

बातम्या सात गावांच्या येतात. पण ज्यांचा एक गुंठाही जाणार नाही, त्या गावांवरही विमानतळाच्या नकाशाचा परिणाम होतो. याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

विमानतळाभोवती एक अदृश्य वाडगा असतो असं समजा. मोठ्या धावपट्टीच्या आसपास साधारण ४ किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर एक आडवं छत धरलं जातं. त्यापुढे हे छत हळूहळू वर चढत जातं, २ किलोमीटरमध्ये आणखी १०० मीटर. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे विमान उतरतं त्या बाजूला, नियम आणखी कडक. तिथं पहिल्या ३ किलोमीटरमध्ये चढ फक्त २ टक्के. टोकापासून एक किलोमीटरवर मर्यादा साधारण २० मीटर. या छताच्या वर इमारत, मनोरा, पाण्याची टाकी, झाड, काहीही जाऊ नये.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये उंचीच्या बंधनांचे नियम काढले. त्यानुसार भारतीय विमानतळ प्राधिकरण विमानतळाभोवतीच्या भागाचे रंगीत नकाशे तयार करतं. मोठ्या विमानतळाच्या बाबतीत हा परीघ २० किलोमीटरपर्यंत जातो. नकाशात चौकोनी खाने, प्रत्येक रंगाला ठरलेली उंची. काही रंगांत स्थानिक प्राधिकरण स्वतः परवानगी देऊ शकतं, लाल भागात मात्र थेट विमानतळ प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते. हे सगळं काम जीआयएसवरच चालतं.

इथं एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण बांधकाम व्यवसायातली मंडळीही इथं चुकतात. नकाशातली उंची ही समुद्रसपाटीपासूनची असते, जमिनीपासूनची नव्हे. समजा तुमच्या खान्यात ८०० मीटरची मर्यादा आहे आणि तुमची जागा ७७० मीटरवर आहे. मग तुम्हाला ३० मीटर मिळतात, त्यातच टाकी, अँटेना, वीजरोधक सगळं आलं. पण तुमच्या शेजारच्या टेकाडावरच्या वाडीची जागाच ७९५ मीटरवर असेल, तर तिला ५ मीटरच उरतात. एक मजला आणि वर टाकी, संपलं. पुरंदरसारख्या चढउताराच्या तालुक्यात एकाच गावात खालच्या आळीला एक न्याय आणि वरच्या आळीला दुसरा, असं होऊ शकतं. अशी प्रकरणं वेगळी तपासली जातात, सरसकट नकार मिळतोच असं नाही. पण आज ‘विमानतळाजवळचा प्लॉट’ म्हणून जे गुंठे विकले जातायत, त्यातल्या किती जणांनी जागेची पातळी विचारली असेल?

हे न बघितल्याचं काय होतं, ते मुंबईत दिसलं. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विमानतळ परिसरातल्या ४८ इमारतींचे मर्यादेपेक्षा उंच असलेले भाग पाडण्याच्या दिशेनं कारवाई करायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. त्या घरांत लोक राहत होते, कर्जाचे हप्ते भरत होते. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान वस्तीवर कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर काही दिवसांतच केंद्रानं उंच अडथळे हटवण्याच्या नियमांचा नवा मसुदा काढला. त्या अपघाताचं कारण वेगळं असेल, तपास आपल्या जागी. पण विमानतळाभोवतीच्या उंचीकडे आता अधिक कडक नजरेनं बघितलं जाणार, हे उघड आहे.

दुसरं बंधन कचऱ्याचं. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला बंदी आहे, कारण त्यावर घारी, कावळे, गिधाडं येतात आणि पक्षी विमानाच्या इंजिनात गेला की अनर्थ होतो. १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात किती ग्रामपंचायतींचे कचऱ्याचे ढीग येतात, हे आत्ताच मोजून ठेवायला हवं. कचरा उचलण्याची, प्रक्रियेची सोय ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या निधीतून होणार नाही. ती विमानतळाच्या खर्चात धरायला हवी. ही मागणी आज केली तर ठीक, नंतर फक्त दंडाच्या नोटिसा येतील.

पाणी कुठे जाणार?

विमानतळाला सपाट जमीन लागते. धावपट्टी सपाट, टॅक्सीवे सपाट, विमानं उभी करायची जागा सपाट. निसर्गात अशी सपाटी सापडत नाही, ती करावी लागते. उंचवटा कापायचा, खोलगट भाग भरायचा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. त्याच्या १,१६० हेक्टर जागेसाठी उलवे टेकडी फोडावी लागली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. दहा गावं हलली.

पुरंदर मुळात अवर्षणग्रस्त तालुका. वर्षातले आठ महिने पाण्याची वाट बघणारा, आणि एखाद्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला की कऱ्हेला पूर येणारा. ओढे-नाले, शेततळी, पाझर तलाव, उपसा सिंचनाच्या वाहिन्या यांचं जाळं इथं पिढ्यानपिढ्या विणलं गेलंय. शेकडो हेक्टरवर भराव आणि काँक्रीट आलं की पाणी मुरायचं थांबतं आणि पळायला लागतं. वरच्या बाजूच्या गावात ते तुंबतं, खालच्या बाजूला अंगावर येतं.

जीआयएसचा खरा उपयोग इथं आहे. जमिनीच्या उंचीचं त्रिमितीय प्रतिरूप करून आजचे ओढे आणि भराव झाल्यानंतरचे ओढे शेजारी-शेजारी ठेवून दाखवता येतात. अमुक मिलिमीटर पाऊस एका रात्रीत झाला तर कोणत्या वस्तीत पाणी शिरेल, हे आधी कळू शकतं. उपसा सिंचनाची वाहिनी विमानतळाच्या हद्दीत तुटली तर पलीकडच्या कोणत्या शेतांचं पाणी बंद होईल, हेही सांगता येतं. ज्यांची जमीन जात नाही पण पाणी जातं, त्यांची यादी आज कोणत्याच मोबदल्याच्या तक्त्यात नाही. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत हा नकाशा मागितला पाहिजे, आणि तो मराठीत, गावाच्या नावांसह मागितला पाहिजे.

उभारणीनंतरही नकाशा संपत नाही

विमानतळ सुरू झाल्यावर जीआयएसचं काम थांबत नाही, उलट रोजचं होतं. धावपट्टीचे छोटे-छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातल्या भेगा, खड्डे, रबराचे थर नकाशावर नोंदवले जातात. त्यावरून कुठली दुरुस्ती यंदा, कुठली पुढच्या वर्षी हे ठरतं. जमिनीखालच्या इंधनवाहिन्या, केबल, गटारं यांचा नकाशा नसेल, तर एका जेसीबीच्या फटक्यानं धावपट्टीचे दिवे जाऊ शकतात. पक्षी कुठे जास्त येतात, कुंपण कुठे तुटलंय, पावसाचं पाणी कुठे साचतं, सगळं नकाशावर. अमेरिकेत तर विमान वाहतूक प्रशासनानं विमानतळांच्या सर्वेक्षणाची माहिती एकाच ठरावीक पद्धतीत जमा करायची स्वतंत्र व्यवस्था केली आहे. आपल्याकडेही डोंगर, मनोरे, इमारती यांची डिजिटल नोंद ठेवण्याचं बंधन आंतरराष्ट्रीय नियमांमुळे आलेलं आहे.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. ‘स्थानिकांना नोकऱ्या’ असं आश्वासन प्रत्येक सभेत मिळतं. नोकरी म्हणजे काय, तर बहुतेक वेळा सुरक्षारक्षक, सफाई, ट्रॉल्या ढकलणं. ही कामं हलकी नाहीत, पण ज्याच्या बापानं दहा एकर दिली, त्याला तेवढंच का? मोजणी, ड्रोन चालवणं, जीआयएसची नोंद ठेवणं, धावपट्टीची तपासणी, ही कामं आयटीआय आणि पदविका झालेल्या मुलामुलींना शिकता येतात. सासवड, जेजुरी, दौंड, बारामती भागात तांत्रिक शिक्षणाच्या सोयी आहेत. विमानतळ उभा राहायला काही वर्षं लागणार. तेवढ्यात सात गावांतली शंभर मुलं या कामात तयार होऊ शकतात. पुनर्वसन करारात हे नावानिशी, संख्येसह लिहून घ्यायला हवं. तोंडी आश्वासनाला सातबारा नसतो.

मग गावांनी काय मागावं?

विमानतळ हवा की नको, यावर गावागावांत, घराघरांत दोन मतं आहेत. कुणी संमती दिली, कुणी अजून अडून आहे. दोन्ही बाजूंची कारणं खरी आहेत. पण पुढील मागण्यांवर दोघांचंही एकमत व्हायला हरकत नसावी.

१. प्रकल्पाच्या अंतिम हद्दीचा गटनिहाय नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या आकारात लावावा आणि मोबाइलवर उघडेल असा ऑनलाइन द्यावा. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून रेघ आपल्या कोणत्या बाजूला आहे ते बघता आलं पाहिजे.

२. संयुक्त मोजणीची प्रत, त्यात नोंदलेली झाडं, विहिरी, पाइपलाइन, घरं यांसह, खातेदाराला त्याच दिवशी मिळावी. दुरुस्तीसाठी हरकत घ्यायला पुरेशी मुदत असावी.

३. गटाचा काही भागच जात असेल, तर उरलेला तुकडा कसण्याजोगा राहतो का, त्याला रस्ता आणि पाणी राहतं का, हे नकाशावर दाखवावं. पाच गुंठ्यांची लांबट पट्टी हातात ठेवून ‘तुमची जमीन वाचली’ म्हणणं ही थट्टा आहे.

४. उंचीच्या बंधनाचा रंगीत नकाशा तयार होताच तो भोवतालच्या सर्व गावांना द्यावा. तोपर्यंत विमानतळाच्या नावानं चाललेल्या प्लॉटविक्रीबाबत तहसील कार्यालयानं जाहीर इशारा द्यावा.

५. ओढे, पूर आणि सिंचन वाहिन्यांवर होणाऱ्या परिणामाचा नकाशा जनसुनावणीच्या आधी गावांत पोचावा, सुनावणीच्या दिवशी टेबलावर नव्हे.

६. जे क्षेत्र रेघेबाहेर गेलं, त्या गटांच्या सातबाऱ्यावर काही शेरे, नोंदी किंवा व्यवहारांवर बंधनं राहिली असतील, तर ती विनाअर्ज काढून टाकावीत. शेतकऱ्यानं त्यासाठी हेलपाटे का मारायचे?

यातली एकही मागणी खर्चिक नाही. नकाशे तयार आहेतच, त्यांच्याशिवाय काम पुढे सरकूच शकत नाही. फक्त ते कार्यालयातल्या संगणकातून चावडीवर यायला हवेत.

खानवडीचं नातं महात्मा फुल्यांच्या घराण्याशी आहे. शेतकऱ्याला कागद वाचता येत नाही म्हणून त्याची लूट होते, हे फुल्यांनी एकोणिसाव्या शतकात ठणकावून सांगितलं होतं. आता अक्षरं सगळ्यांना येतात. आजचा कागद मात्र नकाशा झालाय, आणि तो वाचायला आपण अजून शिकलेलो नाही. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून पहिला प्रश्न भावाचा न विचारता ‘साहेब, नकाशा दाखवा’ असा विचारला, तरी सुरुवात झाली म्हणायची.